जुने व्हील नट घरी साफ करताना: चमक कुठे आणायची आणि कुठे नाही

मागे एकदा रस्त्यात टायर बसला. स्टेपनी चांगली होती, जॅक होता, पाना होता, पण पाचपैकी दोन नटांवर पाना बसेचना. वरवर बघितलं तर नट नुसते कळकट दिसत होते, थोडा गंज, बाकी काही नाही. मग बोटाने चाचपल्यावर कळलं की नटावर जे चकचकीत पत्र्याचं टोपण असतं त्याच्या आत गंज धरून टोपण फुगलं होतं आणि १९ चा नट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने जाड झाला होता. तेवढ्या अर्ध्या मिलिमीटरपायी सगळं सामान हातात असून मी तिथे अडकून पडलो. तेव्हापासून वर्षातून दोनदा सगळे नट काढायचे, साफ करायचे, एकेक हातात घेऊन बघायचा आणि परत लावायचा असं मी ठरवूनच टाकलंय. बरेच जण सांगतात की रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी नव्यासारखे होतात. मीही एकदा केलं होतं तसं, आणि चांगले चालणारे नट खराब केले होते, ते पुढे सांगतो.

आधी नट कसा असतो ते बघू. बाहेरचा षटकोन आणि डोकं, जे आपल्याला दिसतं. आतले आटे, जे स्टडवर, म्हणजे चाकामागून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांडीवर, फिरतात. आणि तिसरा भाग म्हणजे खालची सीट, जी रिमच्या भोकात टेकते. चमकवायचं ते फक्त बाहेरचं. आटे आणि सीट स्वच्छ पाहिजेत, कोरडी पाहिजेत, बस. तिथे पॉलिश नाही, वॅक्स नाही, तेल नाही, रंग नाही.

हे एवढं जोर देऊन का सांगतोय, तर नट आवळताना आपण जो जोर लावतो त्यातला साधारण निम्मा जोर सीटच्या घर्षणात जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात जातो आणि उरलेले जेमतेम १० टक्के स्टडला ताणून चाक धरून ठेवायच्या कामी येतात. आता घर्षण कमी झालं की तोच पाना, तोच जोर, पण स्टडवरचा ताण एकदम वाढतो. हिशोब करून बघा. १२ मिलिमीटरचा स्टड आणि ११० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे आवळायचा पिळाचा जोर, धरला तर कोरड्या आट्यांवर साधारण ४६ किलोन्यूटन ताण येतो, आणि तेच आटे तेलकट असले तर तो ६५ च्या आसपास जाऊ शकतो. ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे पोलादाच्या ताकदीचा आकडा) १२ चा स्टड ५३ च्या पुढे कायमचा ताणायला लागतो. म्हणजे नट छान घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि आत स्टड लांबत असतो. म्हणून चमकवायच्या नादात हे दोन भाग गुळगुळीत करू नका, अगदी मनापासून सांगतोय.

आधी नट कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

सगळे नट एका पद्धतीने साफ होत नाहीत, आणि लोकांचं चुकतं ते इथेच.

सगळ्यात जास्त त्रास देणारे म्हणजे टोपणवाले नट. आत साधा लोखंडी नट, वरून स्टेनलेस किंवा क्रोम केलेल्या पातळ पत्र्याचं टोपण दाबून बसवलेलं. ओळखायचं कसं, तर षटकोनाच्या खालच्या बाजूला बघा, जिथे टोपण संपतं तिथे एक बारीक रेघ किंवा दुमडलेली कडा दिसते, आणि स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने हलकं ठोकलं तर भरीव नटासारखा टणक आवाज न येता थोडा पोकळ येतो. हे नट कधीही कशातही बुडवून ठेवायचे नाहीत. पाणीसुद्धा त्या रेघेतून आत शिरतं, बाहेर यायला वाट नसते, आणि मग आतल्या आत गंज फुगत राहतो. यांना फक्त ओल्या फडक्याने पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं.

दुसरे भरीव क्रोमचे. वजनाला जड लागतात, रेघ कुठेच नसते. यांच्यावर वरचा क्रोमचा थर अगदीच पातळ असतो, साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन, आणि त्याच्याखाली निकेलचा बराच जाड थर असतो. गंजापासून वाचवायचं खरं काम निकेल करतं, क्रोम वरचं कडक कवच. त्या कवचाला डोळ्याला न दिसणारी बारीक छिद्रं असतात, तिथून ओल आत जाते आणि तांबूस ठिपके यायला लागतात. म्हणजे तो ठिपका दिसतो वर, पण उगम खाली असतो.

तिसरे झिंक प्लेटिंगचे, राखाडी किंवा पिवळसर झाक असलेले, बहुतेक साध्या लोखंडी रिमवर हेच असतात. चौथे काळे, ब्लॅक ऑक्साइड किंवा फॉस्फेट केलेले. आणि पाचवे रंगीत ॲल्युमिनियमचे ॲनोडाइझ केलेले, जे हातात घेतले की हलके लागतात. नट नसून बोल्ट असतील, म्हणजे चाकातून काढलं की दांडीसकट बाहेर येतात तसे, तर त्यांची गोष्ट थोडी वेगळी, ती ॲसिडच्या भागात सांगतो.

काही गाड्यांना नटावर प्लॅस्टिकची टोपी असते. ती काढायला गाडीबरोबर चिमटा किंवा तारेचा हुक येतो, त्यानेच ओढा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटली की कड तुटते आणि मग टोपी चालू गाडीत उडून जाते.

काढताना

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये किंवा पार्किंगमध्ये, आणि चाकाला पुढून मागून दगड किंवा लाकडाचे ठोकळे. रिम थंड असू दे, नुकतीच गाडी चालवून आणली असेल तर थांबा.

मी स्वतः बहुतेक वेळा जॅक लावतच नाही. गाडी चारही चाकांवर उभी ठेवून एकावेळी एकच नट काढतो, साफ करतो, परत हाताने बसवून आवळतो आणि मग पुढचा. वेळ जास्त लागतो पण गाडी जॅकवर लटकलेली नसते आणि नटांची अदलाबदल होत नाही. ज्यांना भिजवायची किंवा रंगवायची गरज आहे त्यांनी एकावेळी एकच चाक काढायचं, खाली जॅक स्टँड लावायचा, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडी सोडायची नाही. सगळ्यात सोयीचं म्हणजे त्याच मापाचे चार-पाच जादा नट जवळ ठेवणं, ते तात्पुरते लावून गाडी उभी करायची आणि जुने निवांत साफ करायचे. पण मापात आटे आणि सीट दोन्ही जुळले पाहिजेत. एम १२ मध्ये, म्हणजे १२ मिलिमीटरच्या आट्यांमध्येसुद्धा, १.५ पिच आणि १.२५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) असे दोन प्रकार सर्रास असतात, दोन वेढे बरे फिरतात आणि मग अडकतं, तिथे जोर लावला की आटे गेलेच. सीटचंही तसंच. बऱ्याच नटांना ६० अंशाची निमुळती सीट असते, होंडाच्या मूळ रिमला गोलसर असते, टोयोटाच्या कित्येक अलॉय रिमना सपाट वॉशरवाले नट असतात. निमुळता नट गोल खड्ड्यात लावला तर तो फक्त एका बारीक कडेवर टेकतो, वरून घट्ट वाटतो आणि नंतर ढिला होतो.

गोटी, म्हणजे नटावर बसणारा पान्याचा सॉकेट, सहा कोनांचीच वापरा. बारा कोनांची गोटी नटाच्या कोपऱ्यांवर जोर देते आणि जुन्या गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करते. क्रोमचे नट असतील तर आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या गोट्या मिळतात त्या घ्या. इम्पॅक्ट गन क्रोमच्या नटांवर लावूच नका, क्रोमला बारीक तडे जातात आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होतो.

नट हलत नसेल तर पेनिट्रेटिंग ऑइल मारून पंधरा-वीस मिनिटं थांबा, पण ते नंतर आट्यांवरून पूर्ण काढावं लागेल हे लक्षात ठेवा. आणि एक, खूप जुन्या काही गाड्यांना आणि ट्रकना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, स्टडच्या टोकावर एल अक्षर कोरलेलं दिसतं. तिथे आपण सोडवतोय समजून आवळत बसतो आणि स्टड तोडतो.

निघालेले नट चाकाप्रमाणे वेगळे ठेवा. लॉक नट (चाक चोरीला जाऊ नये म्हणून असलेला, खास किल्लीनेच निघणारा नट) आणि त्याची किल्ली एकत्र, बाकीच्यांत मिसळू नका.

धुणं

नटावर जे काळं किटण बसतं ते बहुतेक ब्रेकची धूळ, म्हणजे लोखंडाचे बारीक कण आणि ब्रेक पॅडचा भुगा, त्यात रस्त्याचं डांबर आणि जुनं ग्रीस. ही धूळ कोरडी झटकू नका, तोंडाने फुंकू नका, हवेने उडवू नका. ती फुप्फुसात जायला नको, जुन्या पॅडमध्ये तर ॲस्बेस्टॉससुद्धा असू शकतं. आधी ओलं करा मग घासा.

कोमट पाणी, त्यात गाडी धुवायचा शाम्पू किंवा भांड्यांचा लिक्विड साबण, आणि जुना टूथब्रश. अर्धं काम इथेच होतं खरं तर. मी किती वेळा बघितलंय की गंज म्हणून जे वाटत होतं तो ब्रेकच्या धुळीचा थर निघाला आणि खाली क्रोम जसाच्या तसा. साबणाने न निघणारे तांबूस डाग असतील तर रिमसाठीचा आयर्न रिमूव्हर मिळतो, मारला की जांभळा रंग वाहायला लागतो कारण त्यातलं रसायन लोखंडाच्या कणांशी जुळून विरघळतं. दोन-चार मिनिटं ठेवायचा, वाळू द्यायचा नाही, भरपूर पाण्याने धुवायचा. वास उग्र असतो, उघड्यावर करा आणि हातमोजे घाला.

डांबर असेल तर फडक्याला थोडं रॉकेल लावून पुसा, पण फक्त बाहेरून, आणि नंतर परत साबणाने धुवा. टोपणवाल्या नटांना हे सगळं ओल्या फडक्यानेच, बादलीत टाकायचे नाहीत.

धुवून झालं की लगेच पुसा आणि हेअर ड्रायरने वाळवा, आटे खास करून. उघडं लोखंड ओलं राहिलं तर बघता बघता केशरी पापुद्रा येतो.

गंज काढणं

क्रोमच्या नटांसाठी माझा सगळ्यात आवडता उपाय म्हणजे ॲल्युमिनियम फॉइल. फॉइलचा छोटा तुकडा चुरगाळायचा, साध्या पाण्यात बुडवायचा आणि ठिपक्यांवर हलक्या हाताने गोल गोल घासायचं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ आहे म्हणून क्रोमला सहसा चरे पडत नाहीत, पण गंज मात्र सुटतो. घासताना एक काळपट लगदा तयार होतो, तो पुसत राहायचं आणि फॉइल बदलत राहायचं. एका नटाला चार-पाच मिनिटं. जोर लावू नका, फॉइलला काम करू द्या. त्याने न निघालेल्या खोल ठिपक्यांना अगदी बारीक स्टील वूल, शून्य चार वेळा लिहिलेली असते ती, थोडं पाणी लावून. भांडी घासायची तारेची घासणी इथे चालत नाही, ती जाड असते आणि क्रोमवर जे चरे पडतात ते कधीच जात नाहीत.

यात एक समजून घ्या की उडालेलं क्रोम कशानेच परत येत नाही. गंज निघाल्यावर तिथे बारीक खड्डा किंवा काळा ठिपका राहणार. क्रोमचे पापुद्रे निघत असतील, कडा नखाला लागत असतील, तर तो नट घासत बसू नका, पापुद्र्याची धार हाताला कापते आणि गोटीही नीट बसत नाही.

आता ॲसिड. मी जे नट खराब केले ते झिंक प्लेटिंगचे होते. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवले, बुडबुडे येत होते तर मला वाटलं गंज निघतोय, प्रत्यक्षात झिंक विरघळत होतं. सकाळी नट छान एकसारखे करडे दिसत होते. दोन दिवसांत सगळ्यांवर लाल गंज, पहिल्यापेक्षा जास्त, कारण आता वाचवायला वर काही उरलंच नव्हतं. झिंकवाल्या नटांवर पांढरी पावडर दिसत असेल तर ती झिंकची झीज असते, ती टूथब्रश आणि साबणाने काढा आणि तिथेच थांबा.

ॲसिडचा दुसरा धोका जास्त गंभीर आहे. कडक केलेलं पोलाद ॲसिडमध्ये राहिलं की तयार होणारा हायड्रोजन धातूच्या आत शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. मग ते लगेच तुटत नाही, आवळून ठेवल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, काहीही इशारा न देता तुटतं. जितकं पोलाद कडक तितका धोका जास्त. व्हील बोल्ट बहुतेक १०.९ ग्रेडचे असतात आणि कायम ताणाखाली असतात, म्हणून बोल्टना आणि स्टडना कुठलंही ॲसिड नाही, अजिबात नाही. कारखान्यात प्लेटिंगनंतर असे भाग २०० अंशांच्या आसपास कित्येक तास भाजून हायड्रोजन बाहेर काढतात, ते आपल्याला घरी खात्रीने जमणारं काम नाही. बॅटरी चार्जर आणि सोड्याच्या पाण्यातली इलेक्ट्रोलिसिसची पद्धतही याच कारणाने मी नटांसाठी वापरत नाही, त्यात हायड्रोजन थेट नटावरच तयार होतो.

भरीव, साधे, प्लेटिंग आधीच गेलेले लोखंडी नट असतील आणि गंज खूपच असेल तर सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम, आणि एका तासाच्या वर नाही. दर पंधरा मिनिटांनी बाहेर काढून ब्रशने घासा, बऱ्याचदा अर्ध्या तासातच होतं. मग लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून त्यात दोन मिनिटं बुडवा, उरलेलं ॲसिड मरतं, मग साध्या पाण्याने धुऊन लगेच ड्रायर. त्याहून चांगलं म्हणजे ॲसिड नसलेले गंज काढायचे द्राव मिळतात, डब्यावर चिलेटिंग किंवा न्यूट्रल पीएच लिहिलेलं असतं. ते फक्त गंजाला धरतात, चांगल्या लोखंडाला सहसा काही करत नाहीत आणि हायड्रोजनही काढत नाहीत. सावकाश काम करतात, रात्रभर लागू शकतं, पण माझी पसंती याला.

टॉयलेट क्लीनर कधीच नाही. त्यात बहुतेक हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ते क्रोम सरळ उतरवतं. ब्लीचही नाही, त्यातल्या क्लोरीनने स्टेनलेसला सुद्धा खड्डे पडतात. आणि ब्लीच आणि ॲसिड चुकूनही एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

काळ्या नटांना आणि रंगीत ॲल्युमिनियमच्या नटांना फक्त साबण, पाणी आणि मऊ फडकं. काळा थर किंवा ॲनोडाइझचा रंग घासला की जातोच, आणि ओव्हन क्लीनरसारख्या कॉस्टिकवाल्या क्लीनरने ॲनोडाइझिंग क्षणात उतरतं.

चमक आणणं

क्रोमच्या नटांचं सोपं आहे. गंज गेल्यावर क्रोमसाठीचं मेटल पॉलिश, वाटाण्याएवढं, मायक्रोफायबरच्या फडक्यावर. षटकोनाची एकेक बाजू घ्यायची, काळं येईपर्यंत घासायचं, मग कोऱ्या फडक्याने पुसायचं. घासायच्या आधी नटाच्या तोंडात कापडाचा बोळा घाला आणि सीटवर मास्किंग टेपचा वेढा द्या म्हणजे पॉलिश आत जाणार नाही. कोपऱ्यांत आणि डोक्याच्या खोबणीत इअरबड चालतो. शेवटी वॅक्सचा किंवा सीलंटचा पातळ हात, फक्त बाहेरून. हा हात महत्त्वाचा आहे कारण क्रोमची जी छिद्रं सांगितली ती यानेच काही महिने बुजलेली राहतात. तीन-चार महिन्यांनी परत लावा.

प्लेटिंग गेलेल्या भरीव नटांना आरशासारखी चमक आणता येते, मेहनत आहे पण मला हे काम फार आवडतं. वॉटर पेपर घ्या, ४०० पासून सुरुवात, मग ८००, १२००, २०००. पेपर काचेच्या तुकड्यावर किंवा सपाट लादीवर पाणी लावून चिकटवायचा आणि नटाची बाजू त्याच्यावर सपाट धरून पुढे-मागे घासायची. हातात पेपर धरून नट घासला की कोपरे आधी झिजतात, आणि कोपरे गोल झालेला नट कितीही चमकला तरी गोटीखाली सटकणार. प्रत्येक नंबरला घासायची दिशा काटकोनात बदला, आधीच्या नंबरचे चरे पूर्ण गेले की मगच पुढचा. षटकोनाचं माप व्हर्नियरने मधेमधे बघत जा. चरे काढण्यापुरतंच घासायचं, खड्डे सपाट करायच्या मागे लागलात तर नट लहान होईल आणि गोटी सैल.

गोल डोक्यासाठी ड्रिल वापरता येतं. त्याच आट्याचा एक बोल्ट घ्या, नट त्यावर चढवा, खालून दुसरा नट लावून घट्ट करा, बोल्ट ड्रिलच्या चकमध्ये धरा आणि हळू स्पीडला डोकं पॉलिश लावलेल्या कापडाच्या ठोकळ्यावर टेकवा. ठोकळा म्हटलं मी, सुटं कापड नाही. सुटं कापड षटकोनाच्या कोपऱ्यात अडकून बोटासकट गुंडाळलं जातं. फिरत्या वस्तूजवळ हातमोजेही नकोत, बाह्या वर, डोळ्यांना चष्मा.

असं चमकवलेलं उघडं लोखंड लगेच गंजणार हे उघड आहे, त्यामुळे त्यावर वॅक्स तरी सतत पाहिजे किंवा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, तरी. क्लिअर कोट आणि रंग दोन्हींना एकच नियम, सीट आणि आटे टेपने आणि बोळ्याने पूर्ण झाकायचे. सीटवर रंग राहिला तर आवळल्यावर तो चेपतो, नंतर चाक गरम-थंड होताना निघून जातो आणि तेवढा नट ढिला पडतो. रंग ब्रेक कॅलिपरसाठीचा, उष्णता सहन करणारा घ्या, दोन-तीन पातळ हात द्या, कारण जाड थर दिला की गोटी बसत नाही आणि बसवली की पापुद्रे काढत जाते. कोपऱ्यांवरचा रंग थोडा उडणारच, ते धरून चालायचं.

आटे, सीट आणि कुठला नट बाद करायचा

आट्यांना नायलॉनचा किंवा पितळी बारीक ब्रश, बाटली धुवायच्या ब्रशसारखा, आत घालून फिरवायचा. तेल किंवा रॉकेल गेलं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ब्रेक क्लीनरने धुवायचं. स्टडला तारेचा ब्रश, आट्यांच्या दिशेने. टॅप, म्हणजे नवे आटे पाडायचं हत्यार, घालून आटे साफ करू नका, टॅप धातू कापतो आणि आटे सैल होतात, त्यासाठी थ्रेड चेझर नावाचं वेगळं हत्यार असतं जे फक्त वाकलेलं सरळ करतं. सीटला ब्रश आणि कोरडं फडकं, आणखी काही नाही. रिमच्या भोकातही तसंच, तिथे बसलेला गंज आणि माती काढा, नाहीतर नटाची सीट स्वच्छ करून फायदा काय.

मग प्रत्येक नट उजेडात धरून बघा. स्टडवर नुसत्या बोटांनी तो शेवटपर्यंत फिरला पाहिजे, मधे कुठे अडकला तर नट बदला किंवा स्टड तपासा. स्टडच्या आट्यांवर नवा नट धरून बघा, मधल्या भागात वेढे जुळत नसतील तर स्टड ताणला गेलाय. टोपणवाल्या नटावर गोटी बोटाच्या जोराने बसली पाहिजे, ठोकून बसवावी लागत असेल तर टोपण फुगलंय, तो नट त्याच दिवशी बाद. सीटवर खोल ओरखडे, एका बाजूला झीज, गोल झालेले कोपरे, कुठेही तडा, हे सगळे बाद. टोपणवाले नट एकदा फुगायला लागले की मी एकेक बदलत बसत नाही, सगळा सेट भरीव नटांचा करतो. पैसे जातात, पण रस्त्यात अडकून पडण्यापेक्षा ते परवडलं.

परत लावताना

आटे कोरडे, सीट कोरडी. अँटी-सीझ ग्रीस, म्हणजे धातू एकमेकांना चिकटून जाम होऊ नयेत म्हणूनचं ग्रीस, आट्यांना लावायचा मोह होतो, पण गाडीच्या पुस्तकातला टॉर्कचा आकडा सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो, म्हणून नाही. चाक हबला चिकटून बसतं ही तक्रार असेल तर हबच्या मधल्या गोल कडेला, जिथे रिमचं भोक बसतं, तिथे अगदी पातळ लावा, स्टडपर्यंत जाऊ देऊ नका.

नट आधी बोटांनी सगळे फिरवा, मग पान्याने हलके, समोरासमोरचे घेत ताऱ्याच्या आकारात. मग गाडी खाली उतरवा आणि टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळायच्या पान्याने, त्याच क्रमाने शेवटचं आवळा. आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्या, छोट्या-मध्यम गाड्यांचा साधारण ८० ते १४० न्यूटन मीटरच्या मधे असतो पण अंदाजावर जाऊ नका. चमकवलेल्या नटांवर चरे पडू नयेत म्हणून गोटीच्या आत मास्किंग टेपची एक पट्टी लावतो मी, गोटी पूर्ण खोल बसतेय ना ते बघून.

५० ते १०० किलोमीटर गाडी चालली की थंड चाकावर परत एकदा टॉर्क रेंच फिरवा. रंगवलेल्या नटांना तर नक्कीच, आणि तेव्हाही एखादा नट पाव फेरा फिरलाच तर आणखी १०० किलोमीटरनंतर पुन्हा बघा. तोच नट परत ढिला सापडला तर तो काढून सीट तपासा, बहुतेक वेळा टेपच्या खालून गेलेला रंगाचा थेंब तिथे सापडतो.